शेजारचं पाणी

"सर, तुमच्या मॉडेलमध्ये पाण्याचं वजन आहे, पण पाणी नाहीये," नवी म्हणाली आणि आपण काय बोललो ते उशिरा कळल्यासारखी हातातल्या कागदांचे कोपरे जुळवत बसली. बैठकीच्या खोलीत दोघंच होते. हादरेसाहेबांनी चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथंच राहिला. हादरे हे त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षं यंत्रांचे, पुलांचे आणि धुराड्यांचे हादरे मोजण्यात गेली म्हणून ऑफिसनं त्यांना ते बहाल केलं होतं आणि ते इतकं रुळलं होतं की कधीकधी टपालही त्याच नावानं येई. नवीसुद्धा खरं तर दोन वर्षांपूर्वी नवी होती. तिच्यानंतर कोणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. गुरुवारची सकाळ होती, सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता आणि काम म्हटलं तर चुटकीसरशी होण्याजोगं होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात दोन पंप होते, आता तिसरा बसायचा होता. पहिल्या दोघांचा हिशेब हादरेसाहेबांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः करून दिला होता. त्यालाच तिसरा पंप जोडून आकडे काढ, एवढंच त्यांनी नवीला सांगितलं होतं. तिनं आकडे काढले नव्हते. ती मुळाशी गेली होती. "वजन आहे पण पाणी नाही म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. आपला आवाज शांत आहे हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि आवाज मुद्दाम शांत ठेवावा लागतोय हेही.

नवी बोलायच्या आधी जरा हसायची, ती तिची सवय होती. त्या दिवशी हसली नाही. पंपघरात एक खोल विहीर आहे, तिच्यात वरून लांबलचक लोखंडी पाइप खांबासारखे उभे सोडलेले, प्रत्येकाच्या खालच्या टोकाला पंप आणि डोक्यावर मोटर. झोपाळ्याची जशी स्वतःची एक चाल असते तशी अशा टांगलेल्या खांबाचीही असते. मोटरच्या फेऱ्या आणि खांबाची चाल जुळली की खांब थरथरू लागतो, आणि वेळीच थांबवला नाही तर तडकतो. पाण्यात उभा असलेला खांब हवेतल्यापेक्षा संथ हलतो, कारण हलताना त्याला भोवतालचं पाणीही हलवावं लागतं. हे सगळं हादरेसाहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी खांबानं जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं वजन त्याच्या अंगाला चिकटवलं होतं, एकेका खांबाची चाल काढली होती आणि मोटरपासून ती पुरेशी लांब आहे असं लिहून खाली सही केली होती. "पण खांब एकटा नाहीये ना सर," नवी म्हणाली. "शेजारी दुसरा आहे. मागं भिंत आहे. हा हलला की मधलं पाणी त्याला ढकलतं, तो हलला की ते ह्याला ढकलतं. मग दोघांची वेगवेगळी चाल उरतच नाही. दोघांच्या मिळून दोन चाली होतात, एक आधीपेक्षा संथ आणि एक जलद. जलद जी आहे ती मोटरच्या जवळ जाते. त्यात पाणी उतरलं की चिकटलेलं वजन कमी होतं, चाल आणखी वाढते." मग जरा चाचरत म्हणाली, "मी आठ वर्षं शर्यतीत पोहत होते. शेजारच्या पट्ट्यात कोण आलं, दमलंय की जोरात आहे, ते न बघता कळायचं. अंगावर येणाऱ्या पाण्यावरून."

त्यांनी कप खाली ठेवला. "कागद ठेवून जा," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर त्यांना वाटलं की खोलीतली हवा दाट झाली आहे, हात हलवला तर तीही सरकवावी लागेल. आणि मग, का कोण जाणे, वडील आठवले. सात वर्षांचे असताना वडील त्यांना कालव्यावर घेऊन गेले होते. पोहायला नाही, नुसतं चालायला. पाणी वडिलांच्या कमरेला आणि त्यांच्या छातीला लागत होतं. पाय उचलायचा म्हणजे मांडीपुढचं सगळं पाणी उचलायचं, थांबलं तर मागून येणारं पाणी पुढं लोटायचं. वडील हात धरत नव्हते, फक्त शेजारून चालत होते, आणि त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर एक गुबगुबीत, गार धक्का येऊन छोट्या बरगड्यांना टेकत होता. डोळे मिटले तरी वडील कुठं आहेत ते कळत होतं. म्हणजे हे मला ठाऊक होतं, हादरेसाहेबांच्या मनात आलं. पुस्तकं वाचायच्या आधी, गणित शिकायच्या आधी अंगाला ठाऊक होतं. मग अकरा वर्षांपूर्वी कागदावर ते आलं कसं नाही? उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर प्रश्न टाळावासा वाटत होता. दोन खांबांचा एकत्र हिशेब करायचा म्हणजे तीन आठवड्यांचं काम होतं आणि एकेका खांबाचा चार दिवसांचा. सगळेच तसं करत. चुकीचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, फक्त अर्धं होतं.

त्यांनी कागद पुढं ओढले. चूक शोधायचीच या इराद्यानं ओढले, खोटं कशाला बोला. पहिल्या पानावर तिनं विहिरीचा आडवा छेद काढला होता, भिंतीचा कोपरा, खांबांमधली अंतरं, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत बाणांनी दाखवलेलं पाणी: अरुंद फटीतून निसटायला धडपडणारं, म्हणून मोकळ्या पाण्यापेक्षा कितीतरी जड वाटणारं. दुसऱ्या पानावर समीकरणं. ती वाचताना त्यांची बोटं नकळत टेबलावर ठेका धरू लागली. एका जागी त्यांना वाटलं, इथं हिचं पाणी मुरतंय. पाण्याचा वरचा पृष्ठभाग हलता धरायला हवा होता, तो हिनं स्थिर धरलाय. दोन पानांपुढं तीच शंका तिनं स्वतः काढली होती आणि एवढ्या वेगवान थरथरीत त्यानं का फरक पडत नाही ते चार ओळींत मांडलं होतं. त्या चार ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. आपण त्यासाठी दीड पान घेतलं असतं. कामात वैताग येतो, भीती वाटते, समाधानही मिळतं. पण दुसऱ्याचं काम बघून पान पुन्हा मागं उलटून बघावंसं वाटावं हे पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं. शेवटी तिनं तीन खांबांच्या हालचालीची चित्रं काढली होती. एकात तिघंही एकाच दिशेला झुकलेले, एकात दोन टोकांचे विरुद्ध आणि मधला जागच्या जागी, एकात मधला एकीकडे आणि दोघं दुसरीकडे. वेगवेगळे वाटणारे तीन लोखंडी खांब पाण्यानं एकमेकांना बांधून टाकले होते. सुंदर, ते मनाशी म्हणाले, आणि लगेच त्याखालचा तक्ता दिसला. दोन पंप: विहिरीतलं पाणी तळापासून तीन मीटर चाळीसच्या खाली गेलं तर धोका. तीन पंप: चार मीटर दहाच्या खाली. चार मीटर दहा म्हणजे रोजचंच. रोज दुपारी पाणी तिथवर उतरतं. तिसरा पंप बसवला तर पहिल्याच आठवड्यात कुठलातरी खांब फुटेल, आणि तो पडताना शेजारच्याला धरून पडेल. अर्धं शहर कोरडं. शिवाय त्या वेळी विहिरीच्या काठावर माणसं असतील. आणि 'तीन चाळीस' या आकड्यानं त्यांच्या आत काहीतरी हललं होतं. हा आकडा त्यांनी पूर्वी ऐकला होता.

घरी पोचेपर्यंत तो आठवला. बायको ग्रंथालयातून नुकतीच आली होती आणि फाटक्या पुस्तकांची थप्पी टेबलावर मांडून कणा चिकटवत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, सांगताना नवीचं कौतुकही केलं, पण ते जरा जास्तच झालं असावं. "अहो, चूक निघाली म्हणून झोंबलंय की त्या पोरीनं काढली म्हणून?" तिनं ब्रश न थांबवता विचारलं.

"दोन्ही नाही. आणखी एक आहे."

मग त्यांनी ते सांगितलं, जे अकरा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नव्हतं. त्या वेळी मोजमाप घ्यायला ते पंपघरात गेले होते. तिथला पंप चालवणारा मिस्त्री, तेव्हा चाळिशीचा असेल, त्यांच्या मागं मागं फिरत होता. शेवटी धीर करून म्हणाला होता, "साहेब, पाणी त्या तीन चाळीसच्या खाली गेलं ना, की दोघं एकमेकांशी भांडतात. एकटा चालवला तर गप्प असतो." त्यांनी हातातलं यंत्र पेटीत ठेवत हसून उत्तर दिलं होतं, "मिस्त्री, भांडतात की नाही ते आकडे सांगतात. तुमच्याकडे आकडे असतील तर दाखवा." बरोबरचे दोघे हसले होते. मिस्त्रीही हसला होता.

बायकोनं ब्रश खाली ठेवला. "हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. मग आवाज बदलून, "जाऊन या ना तिकडं. इथं बसून मला सांगण्यात काय हशील?"

शनिवारी सकाळी ते आणि नवी पंपघरात गेले. विहिरीतलं पाणी मुद्दाम उतरवून दोन्ही पंप चालवायचे आणि तिचा आकडा खरा ठरतो का ते बघायचं, असं ठरलं होतं. आत शिरताच तो ओला, तेलकट, लोखंडी वास आला आणि पायाखाली मोटरींची घरघर लागली. मिस्त्री आता पन्नाशी ओलांडलेला, केस पार पांढरे. नवीला बघून म्हणाला, "या ताई," जणू ती माहेरी आली होती. गेले तीन रविवार ती इथं येत होती हे हादरेसाहेबांना तेव्हा कळलं. मिस्त्रीनं त्यांच्याकडेही बघितलं, ओळखलं, आणि खुर्ची पुसून पुढं केली. त्यांना ती खुर्ची नको होती. त्यांनी बोलायला सुरुवात केली, वाक्य मनात तयार होतं, पण मोटरींच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागणार होतं, आणि माफी मोठ्यानं मागता येत नाही. "मिस्त्री, तुम्ही मागं मला एकदा सांगितलं होतं," ते त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आणि मी ऐकलं नाही."

"ऐकलंत की," मिस्त्री म्हणाला. "तुम्हीच तर विचारलंत."

"मी काय विचारलं?"

"म्हणालात ना, आकडे असतील तर दाखवा. इतकी वर्षं इथं साहेबलोक आले, मला आकडे कोणी मागितले नव्हते. म्हणून लिहायला लागलो." त्यानं कपाटातून वह्या काढल्या. जाड पुठ्ठ्याच्या, शाळेतल्या मुलांच्या असतात तशा, सतरा वह्या. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, कोणता पंप चालू, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: गप्प, कुरकुर, भांडण. पहिल्या वहीतली पहिली तारीख हादरेसाहेबांच्या त्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाची होती. "तुम्ही परत याल तेव्हा दाखवीन म्हटलं," मिस्त्री म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हादरेसाहेबांनी टोमणा शोधला, कारण तो सापडला असता तर सोपं गेलं असतं. वही मांडीवर घेऊन ते त्या पुसलेल्या खुर्चीवर बसले.

पाणी उतरत होतं. पातळी दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीवर नवीचा डोळा होता आणि तिच्या यंत्राचा काटा दोन्ही खांबांच्या माथ्यावरून येणारी थरथर दाखवत होता. तीन मीटर सत्तर, काही नाही. तीन साठ. तीन पन्नासला मिस्त्रीनं यंत्राकडे न बघता खांबाच्या माथ्यावर पंजा ठेवला आणि म्हणाला, "लागला बोलायला." काटा तेव्हा जेमतेम हलला होता. तीन चाळीसच्या जरा खाली तो एकदम चढला. विहिरीवरच्या लोखंडी जाळीवर येऊन उभ्या राहिलेल्या हादरेसाहेबांना तळव्यांतून, गुडघ्यांतून, दाढांतून ते कळलं. खाली दोन खांब एकमेकांच्या उलट झेपावत होते आणि मधलं काळं पाणी घुसळलं जाऊन वर बारीक शहारे उठत होते. नवीनं काढलेल्या चित्रांतलं दुसरं, अगदी तसंच, फक्त मधला खांब नसलेलं. भीती वाटायला हवी होती. पण त्या क्षणी त्यांच्या मनात एवढंच होतं की एका मुलीनं खोलीत बसून हे कागदावर आधी पाहिलं, आणि एका माणसानं शिक्षण नसताना ते हातानं वाचलं, आणि दोघंही एकाच आकड्यावर येऊन उभे राहिले. मिस्त्रीनं एक मोटर बंद केली. शहारे विरले. नवी पट्टीवरचा आकडा लिहून घेत होती, तिच्या हातातलं पेन्सिलीचं टोक मोडलं, तिनं दुसरी काढली. "तू घाबरली नाहीस?" त्यांनी विचारलं. "घाबरले ना," ती म्हणाली, आणि आता मात्र ती आधी हसली. "म्हणूनच तर तीन रविवार येत होते. तुमचा रिपोर्ट खोटा निघेल याची भीती पंपापेक्षा जास्त वाटत होती. तुमच्याच रिपोर्टवरून मी हे शिकले, सर."

सोमवारच्या बैठकीत पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता होते, गंभीर आणि घाईत असलेले गृहस्थ. तिसरा पंप रंगवून, गुंडाळून दारात येऊन पडला होता. बसवायचा मुहूर्त महिन्याभरावर होता. हादरेसाहेबांनी उभं राहून सांगितलं की पंप असा बसवता येणार नाही, तिन्ही खांबांना पाण्याखाली आडवे आधार द्यावे लागतील आणि त्याला तीन महिने लागतील. मुख्य अभियंत्यांनी समोरचा जुना रिपोर्ट उघडला. सही दिसत होती. "अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच लिहून दिलंय, कंपनांचा धोका नाही म्हणून."

"दिलं होतं. चुकलं होतं." वाक्य बाहेर पडल्यावर त्यांना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. छत जागेवर होतं. त्यांनी नवीला पुढं बोलावलं, आणि तिनं फळ्यावर आधी त्यांचा जुना एकटा खांब काढला, मग शेजारी दुसरा, मग मधलं पाणी. वीस मिनिटं ती बोलली, एकदाही कागदात बघितलं नाही. खोलीतले लोक हळूहळू खुर्चीत पुढं सरकले. हादरेसाहेब मागच्या रांगेत बसून ऐकत होते. पोटच्या पोरीचं कौतुक ऐकताना बापाला होतं ते हे नव्हे, हे त्यांना कळत होतं. त्यात आपला वाटा असल्याचा अभिमान असतो. इथं नुसताच आनंद होता, कसलाही हक्क नसलेला.

मुख्य अभियंत्यांनी फळ्याजवळ जाऊन दोन खांबांमधल्या पाण्यावर बोट ठेवलं. "एक कळत नाही," ते म्हणाले. "पाणी तीन चाळीसच्या खाली गेलं की दोन्ही पंप असे झोडपतात. उन्हाळ्यात पाणी महिनोन्महिने तिथं असतं. मग हे पंप अकरा वर्षं चालले कसे?"

नवीनं हादरेसाहेबांकडे बघितलं. वह्या त्यांनीच रविवारी दिवसभर बसून वाचल्या होत्या, सतराच्या सतरा. "मिस्त्रींनी चालवले," ते म्हणाले. "पाणी तीन पन्नासवर आलं की ते एक पंप बंद करत होते. दर वेळी. सुट्टीवर जाताना बदली माणसाला तेवढी एकच ताकीद देऊन जात होते. वह्यांत सगळं आहे."

"त्यांना तसं करायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मी तर उलट सांगितलं होतं."

तिसरा पंप तीन महिने थांबला, आधार बसले, आणि मग तो सुरू झाला. पण त्याआधी, नवा रिपोर्ट निघाला त्या दिवशी, मिस्त्रीला ऑफिसात बोलावलं होतं. शेवटच्या पानावर सह्यांसाठी दोनच रेघा होत्या. हादरेसाहेबांनी पट्टी धरून पेनानं तिसरी आखली आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. मिस्त्रीनं पेन घेतलं नाही. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि रिपोर्ट पहिल्या पानापासून उलटायला लागला. समीकरणांची पानं तो आदरानं, न थांबता ओलांडत होता. तक्त्यांवर मात्र बोट ठेवून एकेक ओळ उतरत होता. पाऊण तास गेला. मुख्य अभियंत्यांचा फोन येऊन गेला, रिपोर्ट कुठवर आला म्हणून. "सही चालू आहे," हादरेसाहेबांनी सांगितलं. नवी खिडकीशी उभी राहून नखं बघत होती. शेवटी एकतिसाव्या पानावर मिस्त्रीचं बोट थांबलं.

"ताई, त्या शनिवारचं हे तीन चौतीस नाही," तो म्हणाला. "तीन सदतीस. मी पट्टीपाशीच उभा होतो."

नवीनं वही काढली, तिच्या स्वतःच्या अक्षरातला तो आकडा शोधला. सात होता. घाईत काढलेला, चारसारखा दिसणारा सात. ती आपल्या जागेवर गेली, पान दुरुस्त केलं, पुन्हा छापून आणलं. मिस्त्रीनं ते नवं पान जागेवर घातलं, कडा जुळवून घेतल्या, आणि मग पेनासाठी हात पुढं केला.